कॉम्रेड्ससाठी डर्बन: पळणारा एक, बघणारे तिघं. प्लॅन कसा करावा?

वहिनीसाहेब_सातारा

नमस्कार मंडळी. इथे पळणारे बरेच आहेत आणि साउथ आफ्रिकेत राहणारेही आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसतंय म्हणून इथेच विचारते. आमच्या ह्यांचं यंदा कॉम्रेड्स (साउथ आफ्रिकेतली लांब पल्ल्याची पळण्याची रेस) नक्की झालंय. क्वालिफाय व्हायला फुल मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांच्या आत लागते, ती मुंबईत झाली, आणि तेव्हापासून आमच्या घरी रविवार म्हणजे यवतेश्वरचा घाट, वर कास रोड आणि परत, आणि दुपारी तंगड्या भिंतीला लावून झोपलेला नवरा. यंदा डाऊन रन, म्हणजे पीटरमॅरिट्झबर्गहून सुटायचं आणि खाली डर्बनला समुद्रावर यायचं, नव्वदेक किलोमीटर, १२ तासांत. मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सगळे चढउतार क्रमाने सांगता येतील, घरात दुसरा विषयच नाही.

आता आमचा प्रश्न. बरोबर मी, सातवीतला मुलगा आणि सासूबाई (वय ६८, चालायला माझ्यापेक्षा खमक्या, पण शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही). ह्यांच्या ग्रुपवर रात्रंदिवस एनर्जी जेल, बूट आणि सॉल्ट कॅप्सूल यावर चर्चा चालते, पण बघायला येणाऱ्यांनी त्या दिवशी काय करायचं यावर कुणी चकार शब्द काढत नाही. एकजण म्हणाला भाड्याने गाडी घ्या आणि तीनचार ठिकाणी गाठा, दुसरा म्हणतो असलं काही करू नका हॉटेलवर बसा. राहायचं डर्बनच्या बीचवर की उम्हलांगाला? सेफ्टीबद्दल जे ऐकतोय ते कितपत खरं? सासूबाईंच्या खाण्याचं काय? आणि त्यांना गांधीजींना गाडीतून उतरवलं ते स्टेशन बघायचंच आहे, त्यासाठीच त्या यायला तयार झाल्यात, मुलाच्या पळण्यासाठी नाही असं त्यांनी तोंडावर सांगितलंय :)

कुणी फॅमिली घेऊन गेलं असेल तर जरा सविस्तर लिहा प्लीज.

रनरची_बायको

ताई, तुमच्या सासूबाई मला आताच आवडल्या.

पहिलं म्हणजे गाडीने पाठलाग हे डोक्यातून काढून टाका. कागदावर सोपं दिसतं, कारण मोठा एन३ हायवे आहेच शेजारून. पण रेस जुन्या रस्त्याने जाते, आजूबाजूचे फाटे बंद असतात, पाइनटाऊनच्या वरचा एम१३चा घाट तर रेसमध्येच असतो, आणि तुमच्यासारखेच हजारो नातेवाईक गाड्या घेऊन निघालेले असतात. आमच्या ग्रुपमधल्या एकीने हा उद्योग केला, दिवसभर गाडीतच बसून होती, नवरा कुठेच दिसला नाही, आणि संध्याकाळी नवऱ्याने विचारलं की तू होतीस कुठे. त्यापेक्षा रस्त्यात एक जागा धरायची आणि दुसरी जागा म्हणजे फिनिश. बस्स.

सुरुवातीलाही जाऊ नका. मोह होतो, मला माहितेय. पीटरमॅरिट्झबर्गचा तो लाल विटांचा सिटी हॉल, अंधार, राष्ट्रगीत, मग खाणकामगारांचं जुनं गाणं हजारो लोक एका सुरात म्हणतात, मग कोंबडा आरवतो (खरा नाही, मॅक्स ट्रिम्बोर्न नावाच्या एका जुन्या रनरने १९४८ मध्ये हौसेने बांग दिली होती, त्याचं रेकॉर्डिंग लावतात) आणि मग तोफ. पण त्यासाठी डर्बनहून मध्यरात्रीनंतर दोन-अडीचला निघायचं, सासूबाई आणि पोराला घेऊन थंडीत उभं राहायचं, आणि वीसेक हजार लोक तुमच्यासमोरून निघून गेले की परत यायला रस्ते बंद. पळणारे ऑफिशियल बसने जातात, त्यांना जाऊ द्या. तुम्ही हॉटेलच्या टीव्हीवर बघा, तिकडचे चॅनल पहाटेपासून संध्याकाळपर्यंत सलग लाइव्ह दाखवतात, हेलिकॉप्टरमधून, आपल्याकडे इलेक्शनचा निकाल दाखवतात तसं. चहा घेत बघायचं आणि निवांत निघायचं.

रस्त्यातली जागा म्हणाल तर माझं मत बोथाज हिल किंवा हिलक्रेस्ट. डाऊन रनला हे अर्ध्याच्या पुढे येतं. तिथपर्यंत पळणारा माणूस हसण्यापलीकडे गेलेला असतो आणि त्याला ओळखीचा चेहरा नेमका तिथे लागतो. शिवाय तिथला माहोल! स्थानिक लोक पहाटेपासून रस्त्याच्या कडेला तंबू टाकून, खुर्च्या मांडून बसलेले असतात, ब्राय म्हणजे त्यांची कोळशावरची शेगडी पेटलेली, धूर, गाणी, कुत्री, आजी-आजोबा. बोथाज हिलला कीर्सनी कॉलेज आहे, तिथली पोरं लाइनीत उभी राहून घसा फोडून ओरडतात. बिबवर (छातीवर लावायच्या नंबरावर) रनरचं नाव असतं आणि आधी किती वेळा रेस पूर्ण केलीय तो आकडा, त्यामुळे सगळे नावाने हाका मारतात. माझ्या नवऱ्याच्या नावाची त्यांनी जी काही वाट लावली ती इथे लिहीत नाही, पण सांगतो आजही कौतुकाने.

जायचं कसं तर ज्या ग्रुपबरोबर जाताय त्यातल्या सगळ्या बायकामुलांनी मिळून ड्रायव्हरसकट मिनीबस ठरवा. लोकल ड्रायव्हरला कुठला फाटा किती वाजता बंद होतो ते पाठ असतं. ऑफिशियल अॅपवर ट्रॅकिंग असतं, रस्त्यातल्या टायमिंगच्या चटईवरून गेले की वेळ येते, पण गर्दीत नेटवर्क रडतं, म्हणून निघण्याआधीच कागदावर अंदाजे वेळा लिहून घ्या.

आणि खायला काही देऊ का, लिंबू-साखर देऊ का, हा विचार नको. दर दोन किलोमीटरच्या आसपास टेबल असतं, पाणी छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांत मिळतं (दाताने कोपरा फोडायचा), उकडलेले बटाटे मिठात बुडवून, केळी, संत्री, कोला. आमचे हे अजून त्या बटाट्यांची आठवण काढतात, घरी केलेले मात्र बेचव लागतात म्हणे.

जोबर्ग_कट्टा

वरच्या ताईंनी रेसचं सगळं नीट सांगितलंय, मी राहण्याचं आणि सेफ्टीचं सांगतो. मी जोहान्सबर्गला आहे, डर्बनला जाणं-येणं असतं.

उम्हलांगा सुंदर आहे, मॉल, हॉटेलं, समुद्राकाठी चालायला छान, रात्री जेवून चालत परत येता येतं. पण ते गावापासून पंधरा-वीस किलोमीटर उत्तरेला आहे आणि रेसच्या रात्री तुमच्या मिस्टरांना दोनच्या सुमारास बस गाठायचीय. म्हणून रेस होईपर्यंत बीचफ्रंट, तिथल्या हॉटेलांत त्या आठवड्यात सगळे रनरच असतात, ब्रेकफास्ट रेसच्या दिवशी मध्यरात्री लावतात. रेस झाली की उर्वरित मुक्काम उम्हलांगा. एअरपोर्ट (किंग शाका) पण त्याच बाजूला आहे, गावापासून बराच लांब, त्यामुळे शेवटच्या दिवशी बरं पडतं.

सेफ्टी. खोटं बोलणार नाही, काळजी घ्यावीच लागते, पण घाबरून खोलीत बसण्यासारखं अजिबात नाही. बीचफ्रंटचा प्रोमनेड सातआठ किलोमीटर लांब आहे, दिवसा तिथे सायकली, स्केटिंगवाली पोरं, सर्फर, सगळं कुटुंबवत्सल वातावरण. मण्यांचा भलामोठा मुकुट घातलेले झुलू रिक्षावाले दिसतील, फोटो काढायचा तर आधी पैसे ठरवा नाहीतर वाद होतो. अंधार पडला की मात्र चालायचं नाही, दोन चौकांवर जायचं असलं तरी उबर. आणि जूनमध्ये तिथे हिवाळा असतो, पाचच्या पुढे लगेच अंधारतं, हे लक्षात ठेवा, आपल्याला जून म्हणजे सातपर्यंत उजेड अशी सवय. जुन्या गावभागात (सीबीडी) दिवसासुद्धा गळ्यात सोनं आणि हातात फोन घेऊन फिरू नका. मंगळसूत्र घरी ठेवा किंवा खोटं घाला, सासूबाईंनाही सांगा. बाकी आपल्याकडे दादर स्टेशनला जेवढी अक्कल वापरतो त्याच्या दीडपट वापरली की काम भागतं.

मुलाला क्रिकेटचं वेड असेल तर किंग्जमीड दाखवा. युवराजने ब्रॉडला सहा सिक्स मारल्या ते हेच ग्राउंड, १९ सप्टेंबर २००७. त्याच्या पाच दिवस आधी पाकिस्तानबरोबर टाय होऊन बॉल-आउट झाला तोही इथेच. जवळच मोझेस मभिदा स्टेडियम, २०१० च्या फुटबॉल वर्ल्डकपची जर्मनी-स्पेन सेमीफायनल झाली ते, वरून १०६ मीटर उंचीची कमान गेलीय ती लांबूनच दिसते. कॉम्रेड्सचं फिनिशही याच भागात असतं, पूर्वी किंग्जमीडला, २०१८ ला मोझेस मभिदाला, त्यामुळे यावेळी नेमकं कुठे ते त्यांच्या मेलमध्ये बघून घ्या. दोन्हीकडून बीच जवळच.

समुद्रात उतरण्याआधी त्या दिवशी बीच चालू आहे का ते बघा. एप्रिल २०२२ च्या महापुरात चारशेच्या वर माणसं गेली, ड्रेनेजची व्यवस्था कोलमडली आणि तेव्हापासून मधूनमधून पाणी खराब म्हणून बीच बंद ठेवतात. पाणी मात्र जूनमध्येही अंगाला बोचत नाही. शार्कसाठी जाळ्या लावलेल्या असतात, लाइफगार्डच्या झेंड्यांच्या मध्येच राहायचं.

मुलगा बरोबर आहे तर आईवडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला न्या, इंग्रजीतला.

उनाड_पाटील

एवढे लाखो रुपये घालून नवऱ्याला दोन मिनिटं पळताना बघायला जायचं? त्यापेक्षा मालदीव काय वाईट. पळू दे त्याला एकट्याला, तसंही बारा तास एकटाच असणार.

यवतेश्वर_एक्सप्रेस

पाटील, तुम्ही एकदा बघाच. आणि एकटा कोण असतो हो तिथे? "बस" असते. बस म्हणजे अनुभवी पेसर, पाठीवर झेंडा, त्याच्यामागे शंभर-दोनशे लोकांचा घोळका, एका लयीत गाणी म्हणत, किती वेळ चालायचं आणि किती पळायचं ते तोच ठरवतो. मी बोथाज हिलनंतर एका बसला चिकटलो, शब्द एक कळत नव्हता पण आमच्याकडे पालखीत टाळ धरला की पाय आपोआप पडतात तसं झालं, फील्ड्स हिलचा तो तीन किलोमीटरचा उतार मांड्या जाळतो तिथेसुद्धा.

वहिनी, तुम्हाला एकच सांगायचंय. तुमचे मिस्टर दहा तासांत आले तरी त्यांना घेऊन लगेच हॉटेलवर जाऊ नका. खुर्चीत बसवा, शाल गुंडाळा, आणि शेवटचा अर्धा तास तिथेच थांबा. बाराव्या तासाला बरोब्बर एक माणूस बंदूक घेऊन फिनिश लाइनवर उभा राहतो, येणाऱ्या रनर्सकडे पाठ करून. पाठ का, तर कोण येतंय ते त्याला दिसू नये, दया येऊ नये. स्टेडियम भरलेलं, सगळे उभे राहून सेकंद मोजतायत, कुणी दोघांच्या खांद्यावर हात टाकून येतंय, कुणी पाच मीटरवर कोसळतंय आणि रांगतंय. गोळी उडाली की संपलं. एका सेकंदाने राहिलेल्याला मेडल नाही, रिझल्टमध्ये नाव नाही. आणि त्या एका सेकंदाने राहिलेल्या माणसाला सगळं स्टेडियम पहिला आलेल्याइतक्याच टाळ्या देतं. मी सांगतो तिथे जिंकणाऱ्याचं नाव निम्म्या लोकांना माहीत नसेल, पण तो शेवटचा माणूस दरवर्षी टीव्हीवर असतो.

बारा तास म्हणजे चेष्टा नाही, शेवटच्या मेडलचं नाव व्हिक क्लॅफम, ज्याने पहिल्या महायुद्धातून परत आल्यावर मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीत १९२१ मध्ये ही रेस सुरू केली त्याचंच. बायका आणि काळे लोक यांना अधिकृत प्रवेश मिळायला मात्र १९७५ उजाडलं. त्याआधी रॉबर्ट म्त्शाली नावाचा माणूस १९३५ मध्ये बिननंबरचा पळून गेला होता, आता दहा तासांच्या आतलं मेडल त्याच्या नावाने देतात. हे मुलाला सांगा, मेडल बघताना अर्थ लागेल.

मिस्टरांना सांगा ड्रमंडच्या (तिथे साधारण अर्धं अंतर होतं) पुढे आर्थर्स सीट येते, डोंगरात कोरलेली बसायची जागा, आर्थर न्यूटन नावाचा पाच वेळा जिंकलेला गडी तिथे बसायचा म्हणतात, तिथे फूल ठेवून "गुड मॉर्निंग सर" म्हणायचं की दुसरा अर्धा चांगला जातो. मी सदाफुलीसारखं काहीतरी रस्त्याकडेचं तोडून ठेवलं. आणि त्याआधी इंचांगाला एथेम्बेनी शाळेची मुलं असतात, शारीरिक अपंग आणि डोळ्यांनी अधू मुलांची शाळा आहे ती, हात पुढे करून बसलेली असतात टाळी द्यायला. तिथे वेळ बघायची नाही, सगळ्यांना टाळी देऊन जायचं.

अजून एक, पीटरमॅरिट्झबर्ग समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, पहाटे कडाक्याची थंडी असते. फेकून द्यायचा जुना स्वेटर न्या. सुरुवातीला सगळे तेच करतात.

खवय्या_देवगड

मी पळत नाही, जहाजावर होतो, डर्बन बंदर लागायचं. सासूबाईंच्या जेवणाची शून्य काळजी करा. भारताबाहेर आपली माणसं इतकी एका गावात क्वचित सापडतील. १८६० साली ट्रुरो नावाचं जहाज मद्रासहून मजूर घेऊन इथे लागलं, उसाच्या मळ्यात करारावर आणलेली माणसं, पुढे गुजराती व्यापारी आले. मराठी बोलणारं कुणी भेटेल ही अपेक्षा नको, तमिळ-तेलुगू-हिंदी मुळाचे लोक आणि आता सगळे इंग्रजीच बोलतात, पण आडनाव नायडू, पिल्ले, महाराज, देसाई. दुकानात हळद, हिंग, तूरडाळ सगळं.

बनी चाव खाल्लाच पाहिजे. पावाचा चौकोनी लोफ कापून आतला गर काढतात, त्यात रस्सा भरतात आणि काढलेला गर टोपणासारखा वर ठेवतात. ऑर्डर देताना फक्त "क्वार्टर बीन्स" म्हणायचं, म्हणजे लोफचा चौथा भाग आणि आत राजम्यासारख्या बियांची उसळ, शुद्ध शाकाहारी, घरगुती चवीचं. नॉनव्हेजवाल्यांनी "क्वार्टर मटन". काटाचमचा मागू नका, हसतात. गाजर-कांद्याची तिखट कोशिंबीर देतात बरोबर. फक्त एवढं सांगा सासूबाईंना की मटन आणि बीन्स एकाच किचनमध्ये होतं, ते चालत नसेल तर गुजराती शाकाहारी हॉटेलं आहेत, ग्रे स्ट्रीटच्या बाजूला (नवीन नाव डॉ. युसुफ दादू), दिवसा जा.

तिथेच व्हिक्टोरिया स्ट्रीट मार्केट, मसाल्यांचे डोंगर रचलेले. त्यात एक लालभडक तिखट मिळतं "मदर-इन-लॉ एक्स्टर्मिनेटर" अशी पाटी लावून. सासूबाईंना घेऊन त्या टपरीसमोर फोटो काढा, मालकाला रोजची सवय आहे.

आणि जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेलात तर कदाचित नशीब लागेल, सार्डिन रन. आपली तारलीच, पण कोट्यवधी मासे थव्याने किनाऱ्याने वर येतात, मागे डॉल्फिन, शार्क, वरून गॅनेट पक्षी भाल्यासारखे पाण्यात घुसतात. डर्बनच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर लोक टोपल्या, बादल्या, शर्ट जे हातात असेल ते घेऊन पाण्यात धावतात. दरवर्षी नेम नसतो, कधी लवकर कधी येतच नाहीत, आपल्याकडच्या पावसासारखं. पण बातमी आली तर सगळं टाकून जा.

वहिनीसाहेब_सातारा

बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार! ह्यांना वाचून दाखवलं, बंदुकीच्या ठिकाणी जरा गप्प झाले आणि लगेच म्हणाले आज घाटात अजून एक फेरी मारतो.

ठरलं मग, सुरुवात टीव्हीवर, बोथाज हिलला मिनीबस (ग्रुपमधल्या दोघीजणी लगेच तयार झाल्या), आणि शेवटी बंदुकीपर्यंत फिनिश. बीचफ्रंट आधी, उम्हलांगा नंतर. सासूबाई म्हणतात तिखट आणायचंच, पण घरच्यांवर कोण वापरणार ते बघू.

स्टेशनबद्दल कुणी सांगेल का? आणि रेसनंतर दोनतीन दिवस हातात आहेत, क्रूगरचं जंगल जमेल का?

जोबर्ग_कट्टा

क्रूगर डर्बनहून लांब पडतं, त्यापेक्षा ह्लुह्लुवे-इम्फोलोझी, उत्तरेला साधारण तीन तास. पांढरे गेंडे जवळजवळ संपले होते ते याच जंगलात वाचवले आणि १९६० च्या दशकात इथूनच बाकी आफ्रिकेत पाठवले. जीपमध्ये बसून बघायचं असतं, त्यामुळे ज्याला जिना उतरता येत नाहीये अशा नवऱ्यासाठी उत्तम. मलेरियाच्या गोळ्याबिळ्या लागतात का ते डॉक्टरांना विचारून घ्या.

स्टेशन रेसच्या आधी करा, नंतर तुमचे मिस्टर पीटरमॅरिट्झबर्गचं नाव ऐकायच्या मनःस्थितीत नसतील. डर्बनहून ऐंशी किलोमीटर. गांधीजींना उतरवलं ती तारीख ७ जून १८९३, म्हणजे कॉम्रेड्सचा रविवार पुष्कळदा त्याच आठवड्यात येतो, आणि सासूबाईंना सांगा तेव्हाही अशीच थंडी होती, त्यांचा ओव्हरकोट सामानात राहिला होता आणि ते वेटिंग रूममध्ये रात्रभर कुडकुडत बसले. स्टेशन लहानसं, विटांचं, प्लॅटफॉर्मवर पाटी आहे. गावात चर्च स्ट्रीटला त्यांचा पुतळा आहे, १९९३ मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा उभारलेला. वेळ असेल तर तसंच पुढे हॉविकला जा, मंडेलांना १९६२ मध्ये पकडलं ती जागा, आणि शेजारी ९५ मीटरचा धबधबा. फिनिक्स आश्रमही आहे डर्बनजवळ इनांडाला, १९०४ चा. १९८५ च्या दंगलीत जळला होता, नंतर परत बांधला. वस्ती थोडी अवघड आहे, गाईड घेऊनच जा.

रनरची_बायको

एक राहिलंच. चार्जरचा अॅडॉप्टर इथूनच न्या, तिथली सॉकेटं आपल्या गीझरच्या जाड तीन पिनांची, पंधरा अँपिअरवाली. इलेक्ट्रिकलच्या दुकानात १५ चं ५ करणारा तुकडा शंभरएक रुपयांत मिळतो, घड्याळ, फोन, मुलाचा टॅब सगळं धरून चारपाच घ्या. आमच्या ग्रुपमध्ये रेसच्या आदल्या रात्री नऊ घड्याळं आणि एक अॅडॉप्टर होता.

उनाड_पाटील

बरं बाबा, घेतलं मागे. ते क्वालिफाय व्हायला मॅरेथॉन किती वेळात लागते म्हणालात?